रत्नागिरीचा सूर्य, दिब्रुगडचं घड्याळ

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आसामातल्या दिब्रुगडला सूर्य मावळतो तो संध्याकाळी ४ वाजून २० मिनिटांच्या आसपास. त्याच दिवशी रत्नागिरीत तो ६ वाजून ८ मिनिटांनी समुद्रात बुडतो. देश एक, दोन्हीकडच्या घड्याळांत एकच वेळ, आणि अंधार पडण्यात पावणेदोन तासांहून अधिक अंतर. माझी थोरली बहीण लग्नानंतर दिब्रुगडजवळच्या एका चहाच्या बागेत राहायला गेली. भाओजी तिथल्या चहाच्या कारखान्यात इंजिनीअर आहेत. मी रत्नागिरीतच राहिले. तेव्हापासून हे अंतर माझ्या रोजच्या विचारात आहे. मी मांडवीच्या जेटीवर संध्याकाळची फेरी मारायला निघते तेव्हा ताईकडे दिवे लागून बराच वेळ झालेला असतो, आणि भाची अभ्यासाला बसलेली असते.

हिशेब साधा आहे. रत्नागिरी पूर्व रेखांश ७३.३ अंशांवर आणि दिब्रुगड ९४.९ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. मधल्या साडेएकवीस अंशांची झाली ८६ मिनिटं. माध्यान्हीचा सूर्य ताईच्या डोक्यावर येऊन गेल्यावर जवळजवळ दीड तासाने माझ्या डोक्यावर येतो, आणि हा फरक वर्षभर तसाच राहतो. उगवती-मावळतीचं मात्र तसं नाही. दिब्रुगड आपल्याहून साडेदहा अंश उत्तरेला आहे, म्हणून तिथला हिवाळ्याचा दिवस आपल्यापेक्षा आखूड आणि उन्हाळ्याचा लांब. त्यामुळे डिसेंबरात सूर्यास्तातलं अंतर १ तास ४८ मिनिटांपर्यंत ताणलं जातं आणि सूर्योदयातलं १ तास ५ मिनिटांवर येतं. जूनमध्ये बरोबर उलट होतं. तिथे सूर्य ४ वाजून १६ मिनिटांनी उगवतो, इथे ६ वाजून ४ मिनिटांनी. ही आकडेमोड मी स्वतः कागदावर मांडली तेव्हा एक गोष्ट दिसली आणि मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. दिब्रुगडचा भर जूनमधला सूर्यास्त आणि रत्नागिरीचा भर डिसेंबरातला सूर्यास्त, दोन्ही सहा वाजून आठ मिनिटांच्या आसपासच पडतात. म्हणजे वर्षातल्या ज्या संध्याकाळी आपल्याला दिवस लहान झाल्यासारखा वाटतो, साधारण तेवढीच संध्याकाळ ताईला तिच्या सगळ्यात लांब दिवशी मिळते.

एका हिवाळ्यात मी तिच्याकडे मुक्कामाला होते. सकाळी सहाच्या आत बाहेर लख्ख उजाडलेलं असायचं. थंडीतलं धुकं चहाच्या झुडपांवर बसलेलं, आणि त्यातून बायका कामाला निघालेल्या. डिसेंबरात पानं खुडण्याचा हंगाम संपत आलेला असतो, झुडपांची छाटणी सुरू होते. तरी बागेचा दिवस लवकरच सुरू व्हायचा. दुपारी तीनलाच उन्हाचा रंग बदलायचा. चारला मी ताईला म्हणत असे, चल, जरा पाय मोकळे करून येऊ, आणि ती म्हणायची, आता काय, अंधारच पडणार. पाचला मिट्ट काळोख. सातला बाजारातली अर्धी दुकानं बंद. एकदा बोगीबीलचा पूल बघायला गेलो होतो. ब्रह्मपुत्रेवरचा जवळजवळ पाच किलोमीटरचा हा पूल २५ डिसेंबर २०१८ रोजी खुला झाला. वर मोटारी आणि खाली रेल्वे. तिथून परतताना दिवसभर हिंडल्यासारखा थकवा आला होता, वाटलं की रात्रीचे नऊ तरी झाले असतील. घड्याळात पावणेसहा होते. शरीर सूर्याचं ऐकतं, हे वाचून माहीत असणं वेगळं आणि स्वतःच्या अंगावर कळणं वेगळं.

ताईच्या घरात दोन घड्याळं आहेत आणि दोन्ही मुद्दाम वेगळी लावलेली आहेत. दिवाणखान्यातलं आपल्या भारतीय प्रमाणवेळेचं. भाओजींच्या टेबलावरचं तासभर पुढे, बागान टाइमचं. आसामातल्या चहाच्या बागांमध्ये इंग्रज मळेवाल्यांच्या काळापासून ही वेळ चालत आली आहे. घड्याळ तासभर पुढे करायचं, म्हणजे आठचं काम खरं तर सातला सुरू होतं आणि उजेड वाया जात नाही. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या मळेकामगार कायद्यानेही राज्य सरकारांना औद्योगिक भागापुरती स्थानिक वेळ ठरवण्याची मोकळीक दिली. भाओजी 'सातला निघतो' म्हणाले की ताई सहाला डबा तयार ठेवते. भाची मात्र शहरातल्या शाळेत जाते, आणि शाळा, बँक, पोस्ट, आगगाडी सगळं प्रमाणवेळेवर. जेवणाच्या टेबलावर रोज कुणीतरी विचारतं, तुझे की माझे? तुझे सहा की माझे सहा?

मला बागान टाइमबद्दल आधी फक्त कौतुक वाटत होतं. तिथे राहिल्यावर एक प्रश्नही पडला. हा तास पुढे गेला तो पानं खुडणाऱ्या बाईला घरी उजेडात पोचता यावं म्हणून, की उजेडातला एकही तास कामाविना जाऊ नये म्हणून? उत्तर बहुधा दुसरंच. पण त्यातून पहिली गोष्टही साधली गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. बागेतल्या कामकरी बायका उजेडात कामाच्या लाइनीत, म्हणजे त्यांच्या वस्तीत, परत येत. पाणी भरून होई, पोरं अंगणात असत. शहरातल्या कचेरीत प्रमाणवेळेने पाचला सुटणारी बाई मात्र सुटते तीच अंधारात. ज्या उद्योगाला सूर्याची गरज होती त्याने सूर्याप्रमाणे घड्याळ लावून घेतलं. ज्यांच्या हाती घड्याळ नव्हतं, ती शाळेतली पोरं आणि कचेरीतली माणसं, त्यांच्यासाठी कुणी काही केलं नाही. मला हे बोचतं.

आता आपल्या टोकाकडे येऊ. आपल्याला वाटतं, पश्चिमेला काय, संध्याकाळ लांब, मजाच. किनाऱ्यावरच्या माणसाला घड्याळाचं तसं कौतुकही कमी. मिरकरवाड्यात होडी लागते आणि सुटते ती भरतीवर. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हा कोकणातला ढोबळ हिशेब. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. सूर्य, चंद्र आणि पाणी या तिघांना धरून ज्याचं पोट चालतं त्याला मिरझापूरजवळून जाणाऱ्या, प्रमाणवेळ ठरवणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेघेशी काय देणंघेणं? जून-जुलैत मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात, आणि या सगळ्यात भिंतीवरच्या घड्याळाचा कुठेच संबंध येत नाही.

पण आमच्या गल्लीतली मुलं भरतीवर जगत नाहीत. ती शाळेच्या घंटेवर जगतात. जानेवारीच्या मध्यावर रत्नागिरीत सूर्य सातनंतर, ७ वाजून ९-१० मिनिटांनी उगवतो. सकाळच्या सत्राची शाळा सातला भरत असेल तर पोर अंधारात उठतं, अंधारात दात घासतं आणि दप्तर पाठीवर टाकून झुंजुरक्यात रिक्षाची वाट बघतं. तेच पोर रात्री लवकर झोपत का नाही? कारण सूर्य उशिरा मावळतो आणि सगळं घरच उशिरा निजतं. मौलिक जगनानी या अर्थतज्ज्ञाने भारतातल्या मुलांच्या झोपेचा अभ्यास केला आहे. सूर्यास्त तासाने उशिरा होत असेल तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी होते, कारण सकाळची शाळा काही त्यासाठी थांबत नाही. आणि ज्या घरात एकाच खोलीत सगळे झोपतात, उकाडा आहे, आवाज आहे, त्या गरीब घरातल्या मुलांना याचा फटका जास्त बसतो. म्हणजे एका घड्याळाची किंमत पूर्वेकडची मुलं संध्याकाळच्या खेळाने मोजतात आणि पश्चिमेकडची मुलं झोपेने. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, त्याआधी राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा मुद्दा काढला होता. बस आणि दोन सत्रांच्या अडचणी सांगून बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. मला तो निर्णय मनापासून पटला. घड्याळाला हात न लावताही दिवस हलवता येतो, हे त्यातून दिसलं.

ताईकडून परत आल्यावर मी ओळखीच्या लोकांना सांगायचे की ईशान्येला त्यांचा वेगळा तास मिळायला हवा. बहुतेकांचं उत्तर एकच, एका देशात दोन वेळा कशा चालतील? हे उत्तर मराठी माणसाने द्यावं याचं मला फार वाईट वाटतं, कारण दोन वेळा कशा चालतात हे आपल्या आजी-आजोबांनी पन्नास वर्षं चालवून दाखवलं आहे.

मुंबईची स्वतःची वेळ होती. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. कलकत्त्याची वेगळी, ५ तास ५३ मिनिटं आणि काही सेकंद. आगगाड्या मद्रास वेळेवर धावत, ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रास वेळ लादायचा प्रयत्न केला तेव्हा शहराने तो मानला नाही. राजाबाई टॉवरवरच्या घड्याळावर मुंबईची वेळ राहणार असेल तर रात्री ते उजळण्याचा खर्च आम्ही देणार नाही, इथपर्यंत सरकार गेलं. मग १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ आली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईच्या दृष्टीने ती घड्याळं एकदम ३९ मिनिटं पुढे करणं होतं. गिरणी कामगाराला याचा अर्थ लगेच कळला. भोंगा त्याच आकड्यावर वाजणार, पण सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटं आधी उठावं लागणार. त्याच जानेवारीत गिरणीत काम बंद पडलं. मुंबई महापालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबईचीच वेळ ठेवली, ती थेट स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं. जुन्या लग्नपत्रिका कुणाच्या घरी जपून ठेवलेल्या असतील तर बघा, मुहूर्ताच्या वेळेपुढे 'स्टँ. टा.', म्हणजे स्टँडर्ड टाइम, लिहिलेलं सापडेल. लिहावं लागे, कारण पाहुणे दुसऱ्या वेळेने आले असते.

शिवाय महायुद्धात, १९४२ ते १९४५, हिंदुस्थानची प्रमाणवेळच तासभर पुढे नेली होती. ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. ईशान्येतले लोक आज जी वेळ मागतात ती नेमकी हीच. अख्खा देश तीन वर्षं तिच्यावर चालून झाला आहे.

आणि वेळ स्थानिक असते हे तर आपल्या प्रत्येक घरात लटकलेलं आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळा बघा. मुंबई, पुणे, रत्नागिरी, नागपूर, प्रत्येक गावाची वेळ वेगळी छापलेली. रत्नागिरीच्या बाईने नागपूरच्या चंद्रोदयावर उपास सोडावा असं कुणी म्हणत नाही, आणि म्हणून महाराष्ट्राचे दोन तुकडे झाले असंही कुणाला वाटत नाही. पंचांगात सूर्योदय एका गावचा दिलेला असतो आणि आपल्या गावासाठी मिनिटं मिळवायची की वजा करायची हे भटजींना ठाऊक असतं. ताई अजून संकष्टी करते. दिनदर्शिका मीच तिला दर दिवाळीला पाठवते, पण त्या यादीत दिब्रुगड नसतं. तिचा चंद्र आमच्यापेक्षा तासाभराहून अधिक वेळ आधी उगवतो. पहिल्या वर्षी ती अंगणात जाऊन बघत बसायची, आता तिला अंदाज आला आहे. तिचं ताट वाढलेलं असतं तेव्हा आई इथे मोदकांचं पाणी नुकतं उकळत ठेवत असते. घरातल्या एकाच उपासाला दोन वेळा आहेत आणि दोन्ही तितक्याच खऱ्या.

नकाशा उघडून शेजारी बघितले की गुंता आणखी दिसतो. काठमांडू दिब्रुगडच्या कितीतरी पश्चिमेला, पण नेपाळचं घड्याळ आपल्या पाव तास पुढे. ढाका आणि थिम्फूही दिब्रुगडच्या पश्चिमेलाच, आणि बांगलादेश-भूतानची वेळ आपल्या अर्धा तास पुढे. म्हणजे सूर्य आधी ताईच्या अंगणात येतो, मग भूतान-बांगलादेशात, मग नेपाळात, आणि या सगळ्यांत मागे असलेलं घड्याळ ताईचं. पलीकडे म्यानमारची वेळ साडेसहा तासांची. तिथला अखेरचा राजा थिबा आमच्या रत्नागिरीत कैदेत होता. १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० पासून उभा आहे आणि मी लहानपणापासून तिथे जाते. मंडाले दिब्रुगडच्याही जरा पूर्वेला. आता मी राजवाड्याच्या गच्चीवरून समुद्राकडे बघते तेव्हा मनात येतं की या माणसाच्या आयुष्यातून राज्य गेलं, मुलूख गेला, आणि त्याचबरोबर सूर्यही दीड तासाने मागे सरकला. याची नोंद कुणी केली नसेल. त्याच्या शरीराने केली असणार.

असो. मुद्दा ईशान्येचा. मागणी नवी नाही आणि मागणारे कोणी फुटीर लोक नाहीत. चित्रपट दिग्दर्शक जाह्नु बरुआ वर्षानुवर्षं हे मांडत आले. जानेवारी २०१४ मध्ये आसामचे मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी बागान टाइम राज्यभर लावायचा विचार बोलून दाखवला. २०१७ मध्ये अरुणाचलचे मुख्यमंत्री पेमा खांडू यांनीही वेगळ्या वेळेची मागणी केली. त्याच वर्षी गुवाहाटी उच्च न्यायालयात यावरची याचिका फेटाळली गेली. मग २०१८ मध्ये ज्या संस्थेकडे देशाची वेळ राखण्याचं काम आहे, त्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्याच शास्त्रज्ञांनी लेख लिहून सांगितलं की दोन वेळा शक्य आहेत. सीमा ८९ अंश ५२ मिनिटांवर, म्हणजे आसाम आणि पश्चिम बंगालच्या हद्दीवर घ्यायची. तिथे भूमीची पट्टी इतकी अरुंद आहे की न्यू कूचबिहार आणि अलीपूरद्वार या दोनच रेल्वे स्थानकांवर घड्याळ बदलावं लागेल. रेल्वे अपघातांची भीती हा विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि तो मी हलका मानत नाही. एकेरी मार्गावर वेळेचा घोळ म्हणजे जिवाशी गाठ. पण दोन स्थानकांचा प्रश्न आणि अख्ख्या ईशान्येतल्या लोकांच्या संध्याकाळचा प्रश्न समोरासमोर ठेवले तर मला निवड अवघड वाटत नाही. रेल्वेने हवं तर आपली वेळ सगळीकडे एकच ठेवावी. पूर्वी मुंबईत ती शहराहून वेगळी होतीच.

सरकारने सामरिक कारण देऊन संसदेत नकार कळवला आहे. आणि जानेवारी २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने नियमांचा एक मसुदा काढला. त्यानुसार सरकारी आणि व्यापारी कामात खास परवानगीशिवाय प्रमाणवेळेखेरीज दुसरी वेळ वापरायची नाही, दाखवायची नाही, नोंदवायची नाही. बँका, दूरसंचार, वीजजाळं यांची घड्याळं सेकंदाच्या बारीक अंशापर्यंत जुळायला हवीत, त्यासाठी देशभर एकच प्रमाण हवं, यात शंका नाही. भाओजींना मी विचारलं, मग बागान टाइमचं काय? ते म्हणाले, परवानगी मागतील, मिळेलही. पण मला परवानगीवर तगलेली संध्याकाळ नको आहे. पावणेदोनशेहून अधिक वर्षं चहा पिकवणाऱ्या मुलखाला सूर्य कधी मावळतो हे ठाऊक आहे.

निदान एवढं तर आजही करता येईल. घड्याळ तेच ठेवा, पण आसामात नोव्हेंबर ते फेब्रुवारी शाळा आणि कचेऱ्या तासभर आधी उघडा आणि तासभर आधी सोडा, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात जानेवारीत मोठ्या वर्गांचीही सकाळची घंटा उजाडल्याशिवाय वाजवू नका. जिल्ह्याच्या पातळीवर हा निर्णय घ्यायला अणुघड्याळ लागत नाही, पंचांगाचं एक पान पुरतं. भाचीच्या शाळेतल्या काही पालकांनी मुख्याध्यापकांना असा अर्ज दिला आहे. ताईने त्याचा मसुदा मला वाचायला पाठवला होता. मी त्यात फक्त सूर्यास्ताच्या वेळांचा तक्ता जोडून दिला, महिन्यावार, दोन्ही गावांचा.